दाणा टपोरा, हिशेब पोचट

‘टपोरं बियाणं घ्या, उगवण चांगली होईल आणि उताराही वाढेल.’ खरिपाच्या तोंडावर हा सल्ला इतक्या तोंडांतून ऐकू येतो की त्यावर वाद घालणाराच आडमुठा ठरतो. कृषी सेवा केंद्रातला दुकानदार देतो, मेळाव्यातला वक्ता देतो, पारावरचे जाणते देतात, आणि हल्ली मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओत तळहातावर दाणे घेऊन कोणीतरी देतच असतं. हा आडमुठेपणा मी करणार आहे. तेलबियांच्या बाबतीत, त्यातही मराठवाडा-विदर्भाचा खरीप ज्याच्यावर उभा आहे त्या सोयाबीनच्या बाबतीत, हा सल्ला अर्धा चुकीचा आहे आणि उरलेला अर्धा अपुरा. त्याची किंमत मात्र शेतकरी पुरी मोजतो.

आधी समोरच्याची बाजू, आणि तीही दुबळी करून नव्हे. बी म्हणजे कोंबाबरोबर बांधून दिलेली शिदोरी. सोयाबीनच्या दाण्याचा बहुतेक भाग म्हणजे त्याची दोन दलं, आणि त्यांत सुमारे ४० टक्के प्रथिनं, २० टक्के तेल. रोपाची पानं स्वतःचं अन्न करू लागेपर्यंत ते याच ठेव्यावर जगतं. एकाच वाणाच्या एकाच पोत्यातले मोठे आणि लहान दाणे वेगळे काढून शेजारीशेजारी पेरा. दोन-तीन आठवड्यांनी मोठ्या दाण्यांची ओळ अंगाने भरलेली दिसेल. हे खरं आहे, कोणीही करून पाहावं.

पण शिदोरी प्रवासाच्या पहिल्या टप्प्यापुरती असते. सोयाबीनचा प्रवास ९५ ते १०५ दिवसांचा आहे. दोन ओळींमधली जमीन पानांनी झाकली गेली की पुढचं पीक ऊन, ओल, अन्नद्रव्यं आणि मुळांवरच्या गाठी यांच्या जोरावर वाढतं. दाण्यात आणलेलं अन्न तोवर कधीच संपलेलं असतं. उतारा म्हणजे एकरातली झाडं, झाडावरच्या शेंगा, शेंगेतले दाणे आणि दाण्याचं वजन यांचा गुणाकार. त्यात सगळ्यात जास्त हलतो तो शेंगांचा आकडा, आणि तो ठरतो फुलोऱ्यात नि शेंगा धरताना. ऑगस्टात पावसाने दडी मारली तर जूनमध्ये पेरलेला दाणा किती टपोरा होता हे कोणी विचारत नाही. शिवाय सोयाबीन जागा मिळाली की फांद्या फोडून ती भरून काढतं. सुरुवातीला मागे पडलेलं निरोगी झाड कापणीपर्यंत बरंच अंतर तोडतं. पश्चिम कॅनडात कॅनोलावर, म्हणजे मोहरीच्याच कुळातल्या पिकावर, झालेले प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाले. तिथेही मोठ्या बियांची रोपं सुरुवातीला भरदार होती, फुलोराही थोडा लवकर आला. उगवणीत आणि उताऱ्यात मात्र बियांच्या आकाराने फरक पडला नाही.

‘पण आमच्या रानात टपोरं बी पेरलं आणि दोन पोती जास्त झाली,’ असं सांगणारे भेटतात. झाली असतील. पण त्या वर्षी वाण बदललेला असतो, बियाणं ताजं असतं, महाग म्हणून त्याला बीजप्रक्रिया केलेली असते आणि त्याच कारणाने ते चांगल्या तुकड्यात पेरलेलं असतं. चार गोष्टींचं श्रेय एकट्या आकाराला मिळतं. कोणी प्रयोगाचा दाखला दिला तर त्याला दोन प्रश्न विचारावेत. पहिला, मोठं आणि लहान बी सारख्या वजनाने पेरलं होतं की सारख्या संख्येने? दुसरा, ‘लहान’ म्हणून काय पेरलं होतं: पूर्ण पिकलेला पण अंगाने छोटा दाणा, की चाळणीखाली गेलेला अर्धकच्चा, सुरकुतलेला, किडका माल? दुसऱ्या प्रकारचं बी हरलं तर तो आकाराचा पराभव नव्हे. आजारी माणूस शर्यतीत मागे पडला म्हणून बुटक्यांना धावता येत नाही, असं ठरत नाही.

आता उगवणीकडे येऊ. इथे टपोऱ्याचा पक्ष नुसता अपुरा नाही, सोयाबीनपुरता तो बहुतांशी उलटा आहे.

सोयाबीनचा एक दाणा हातात घ्या आणि त्याची नाळ, म्हणजे शेंगेला चिकटलेली जागा, शोधा. तिच्या शेजारी सालीखाली एक बारीकसा उंचवटा नखाला लागतो. ते पुढचं मूळ. कागदासारख्या पातळ सालीला ते अगदी लागून बसलेलं असतं, मध्ये संरक्षण काही नाही. मळणीयंत्राचा ड्रम जोरात फिरत असेल, माल जास्त वाळलेला असेल, पोतं ट्रॉलीतून धाडकन टाकलं असेल, तर मार पहिल्यांदा इथेच बसतो. दाणा जितका जड तितका आपटल्यावरचा दणका मोठा. म्हणून टपोऱ्या दाण्याचे वाण मळताना जास्त फुटतात, त्यांची जास्त डाळ होते, आणि जे वरून अखंड दिसतात त्यांतही सालीला बारीक भेगा गेलेल्या असतात. बियाण्यासाठी मळणी करताना ड्रमचा वेग मिनिटाला ४०० फेऱ्यांच्या आत ठेवा, ओलावा १३-१४ टक्के असताना मळा, पोत्यांची उंच थप्पी लावू नका, असं विद्यापीठं वर्षानुवर्षं सांगत आली आहेत ती यासाठीच.

ही भेग डोळ्यांना दिसत नाही, पाण्याला दिसते. शंभर दाणे पाच मिनिटं साध्या पाण्यात टाकून बघा. ज्यांची साल शाबूत आहे त्यांच्यावर सुरकुत्या पडतात, कारण आधी साल पाणी पिऊन पसरते आणि आतली दलं मागे राहतात. ज्यांची साल तडकली आहे त्यांत पाणी थेट दलांत शिरतं आणि दाणा गुळगुळीत, फुगीर होतो. म्हणजे पाण्यात जो दाणा लगेच छान टपोरा दिसतो तोच बाद, आणि म्हाताऱ्यासारखा सुरकुतलेला कामाचा. टपोरेपणावर भाळणाऱ्यांनी ही परीक्षा एकदा तरी घरी करावी.

मग जमिनीतला प्रवास. हरभऱ्याची दलं मातीतच राहतात आणि कोंब तेवढा वर येतो. सोयाबीनचं तसं नाही. त्याला आपली दोन्ही दलं मातीतून ओढून वर आणावी लागतात. पेरणीनंतर दणक्याचा पाऊस झाला आणि मागोमाग ऊन तापलं की जमीन आवळते, वर पापुद्रा धरतो. त्या पापुद्र्याखाली मान वाकवून अडकलेली, मान मोडलेली रोपं ज्यांनी उकरून पाहिली आहेत, त्यांना दलं मोठी असणं हा प्रत्येक वेळी फायदा नसतो हे वेगळं सांगायला नको. मोठ्या दाण्याला पाणीही जास्त लागतं. सोयाबीन उगवायला स्वतःच्या वजनाच्या जवळपास निम्मं पाणी शोषून घेतं. ७५-१०० मिलिमीटर पाऊस होण्याआधी, अपुऱ्या ओलीवर पेर उरकणाऱ्याच्या रानात त्याची तहान अर्ध्यावर राहते आणि दाणा कुजतो.

साठवणुकीत टिकण्याचंही तेच. मध्य प्रदेशात पूर्वी ‘कालीतूर’ नावाचं सोयाबीन पेरलं जाई. दाणा काळा, लहान, साल चिवट. उतारा बेताचा, पण बी एका हंगामातून दुसऱ्या हंगामात खात्रीने उगवायचं. १९६० च्या दशकात अमेरिकेतून ब्रॅगसारखे पिवळ्या, मोठ्या दाण्याचे वाण आले आणि जास्त उताऱ्याबरोबर उगवणीचं दुखणंही आलं. त्यानंतर १९९४ साली जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचा जेएस ३३५ आला आणि मध्य प्रदेश-महाराष्ट्राची शेतंच्या शेतं त्याने व्यापली. त्याचा दाणा मध्यम, शंभर दाणे १० ते १३ ग्रॅम भरणारा. आज त्याच्यावर रोग-किडींवरून कितीही टीका होवो, पण इतकी वर्षं इतक्या जमिनींवर जो वाण टिकला तो टपोरेपणासाठी ओळखला जात नव्हता.

२०२० चा खरीप अजून कोणी विसरलं नसेल. सोयाबीन न उगवल्याच्या हजारो तक्रारी झाल्या, दुबार पेरणीचा खर्च अंगावर पडला, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. आदल्या वर्षी, २०१९ च्या ऑक्टोबरात, काढणीला आलेलं पीक पावसात सापडलं होतं. शेंगेत भिजून वाळलेला, परत भिजलेला दाणा आकाराने कमी होत नाही. त्याचा जीव कमी होतो. चाळणीवर तो ऐटीत राहतो. त्या वर्षी आकार बघून घेतलेलं बियाणं कोणाला वाचवू शकलं नसतं. गोणपाटात शंभर दाणे मोडावर ठेवून मोजलेले कोंब वाचवू शकले असते.

आता पैशाचा हिशेब. माझं खरं भांडण इथेच आहे.

सोयाबीन एकरी ३० किलो, हे प्रमाण सगळ्यांना पाठ आहे. ते आलं कुठून? ओळींत ४५ सेंटिमीटर आणि रोपांत ५ सेंटिमीटर अंतर धरलं तर एकरात १ लाख ८० हजार झाडं बसतात. शंभर दाण्यांचं वजन १२ ग्रॅम असेल तर ३० किलोत अडीच लाख दाणे येतात, आणि कायद्याने मान्य किमान ७० टक्के उगवण धरली तर पावणेदोन लाख रोपं उभी राहतात. हिशेब जुळला. पण तो १२ ग्रॅमच्या दाण्याचा हिशेब आहे.

आता दुकानदाराने कौतुकाने दाखवलेलं टपोरं बियाणं घ्या. शंभर दाणे १६ ग्रॅम. तीच ३० किलोची बॅग, दाणे १ लाख ८७ हजार ५००. उगवण तीच ७० टक्के. रोपं १ लाख ३१ हजार. एकरामागे जवळपास ४४ हजार झाडं पेरणीच्या दिवशीच कमी झाली, आणि तीही बियाणं उत्तम असताना, एकही दाणा खोटा नसताना. ओळीत तूट दिसली की दोष पेरणीयंत्राच्या नळ्यांना, पक्ष्यांना, पावसाला, नाहीतर कंपनीला. फांद्या फोडून पीक थोडं सावरतं हे वर म्हटलंच आहे. पण उघड्या जागेत त्याच्या आधी तण सावरतं, आणि पेरणी जुलैत गेली असेल तर फांद्या फोडायला दिवसच उरत नाहीत. अडीच लाख दाणे पडायचे असतील तर या शेतकऱ्याला ४० किलो बियाणं लागतं. उलट ज्याच्याकडे १० ग्रॅमवाला लहान दाणा आहे त्याचं काम २५ किलोत भागतं. तो ३० किलो पेरतो तेव्हा ५ किलो फुकट जातं आणि दाटी झाल्याने पीक उंच वाढून लोळतं, ते वेगळंच.

म्हणजे आकाराने फरक पडतो, आणि चांगलाच पडतो. तो दाण्याच्या ताकदीत नाही, बॅगेतल्या संख्येत आहे. टपोऱ्याचा प्रचार करणारे ज्याला फायदा म्हणतात तो एकरी दहा किलोंचा जादा खर्च आहे. हे समजायला कृषी पदवी लागत नाही. शंभर दाणे मोजा, सोनाराच्या काट्यावर ठेवा. हजार मोजलेत तर किराणा दुकानाचा काटाही चालतो. शंभर दाण्यांचे जितके ग्रॅम, त्याच्या अडीचपट किलो बियाणं एकराला, ७० टक्के उगवणीला. उगवण जास्त असेल तर त्या मानाने कमी करा.

भुईमुगात हे कधीच मान्य झालेलं आहे, याची गंमत वाटते. एसबी ११ किंवा टीएजी २४ या लहान दाण्यांच्या वाणांना हेक्टरी १०० किलो, आणि फुले प्रगती, टीपीजी ४१ यांसारख्या मोठ्या दाण्यांच्या वाणांना १२० ते १२५ किलो, असं शिफारशीत सरळ लिहिलेलं असतं. भुईमूग लावणारा शेतकरी हे मुकाट्याने पाळतो. तोच शेतकरी सोयाबीनच्या दुकानात ‘एक बॅग, एक एकर’ म्हणून मोकळा होतो.

भुईमुगातल्या टपोरेपणाचं मूळ तर शेतात नाहीच, बाजारात आहे. निर्यातीच्या दाण्याची प्रतवारी एका औंसात किती दाणे बसतात यावर होते. ४०-५० काउंटचा बोल्ड, ६०-७० किंवा ८०-९० चा जावा. मोठ्या दाण्याला भाव मिळतो तो खारवून, भाजून, चॉकलेटात घालून खाणाऱ्यांकडून. तेलघाण्याला दाण्याच्या रूपाशी देणंघेणं नसतं, त्याला तेलाचा उतारा हवा असतो. खाण्याच्या बाजाराने ठरवलेलं सौंदर्य आपण बियाण्याची कसोटी म्हणून उचललं. सूर्यफुलात हे आणखी स्पष्ट दिसतं: सोलून खायच्या वाणाचा दाणा लांब, भरघोस, जाड टरफलाचा, तेलाच्या वाणाचा लहान, काळा, पातळ सालीचा. ज्याला तेल हवं त्याने दुसरा पेरायचा. तीळ, कारळा, मोहरी यांच्याबद्दल बोलायलाही नको; तिथे बी किती खोल पडलं यावरच उगवण ठरते.

भुईमुगाच्या दाण्यात आकारामागे लपलेली आणखी एक गोष्ट असते, चुना. भुईमुगाची शेंग आपलं कॅल्शियम मुळांमार्फत नव्हे, आऱ्या जमिनीत शिरल्यावर आजूबाजूच्या मातीतून स्वतः शोषते. मोठ्या शेंगेची गरज जास्त, पण वजनाच्या मानाने तिची साल कमी. आऱ्या सुटताना जिप्सम दिलं नसेल तर मोठ्या दाण्याच्या वाणाला आधी कमतरता पडते. असा दाणा बाहेरून तुकतुकीत असू शकतो आणि फोडल्यावर आतला कोंब काळवंडलेला निघतो. त्याची उगवण आकार बघून ओळखणारा मला अजून भेटायचा आहे.

एक युक्तिवाद राहिला, आणि तो सगळ्यात लाडका आहे: कणगीतले टपोरे दाणे निवडून दरवर्षी पेरत गेलं की वाणच सुधारतो. डेन्मार्कच्या विल्हेल्म योहान्सन या शास्त्रज्ञाने हे १९०३ सालीच तपासून प्रसिद्ध केलं आहे. स्वपरागी घेवड्याच्या एकेका झाडापासून त्याने वंश वाढवले, प्रत्येक वंशातले सर्वांत मोठे आणि सर्वांत लहान दाणे पिढ्यान्‌पिढ्या वेगळे पेरले. मोठ्या दाण्यांची संतती आणि लहान दाण्यांची संतती सरासरीने सारखीच निघाली. एका शुद्ध वंशात दाणा लहान-मोठा होतो तो झाडावरच्या जागेमुळे, ओलीमुळे, दाणा भरतानाच्या हवामानामुळे. त्यातलं पुढच्या पिढीत काहीच उतरत नाही. पुढे १९०९ मध्ये ‘जीन’ हा शब्द जगाला याच माणसाने दिला. सोयाबीन पक्कं स्वपरागी आहे, त्यामुळे हा निष्कर्ष त्याला जसाच्या तसा लागू पडतो. सप्टेंबरच्या उघडिपीत शेंड्याकडच्या शेंगांचा दाणा बारीक राहिला, म्हणून त्याच्या रक्तात काही खोट आली नाही.

यावर कोणी विचारेल, मग चाळणी लावूच नये का? लावावी, जरूर लावावी. घरचं बियाणं वापरणाऱ्याने तर लावलीच पाहिजे. फुटका, डाळ झालेला, हिरवट, जांभळट डागाचा, पोचट दाणा काढायचा. खडा, माती, तणाचं बी काढायचं. एकसारख्या आकाराचं बी पेरणीयंत्राच्या चकतीतून नीट पडतं, हाही फायदा आहे. पण चाळणीवर जे राहिलं त्यातलं पुन्हा ‘अव्वल टपोरं’ वेगळं करून बाकीचं आडतीवर घालणं म्हणजे चांगलं बियाणं बाजारभावाने विकून टाकणं. मध्यम, भरीव, अखंड सालीचा दाणा बियाण्याला उत्तम असतो. तो दिसायला साधा असतो, म्हणून त्याची जाहिरात कोणी करत नाही.

म्हणून मागणी अशी आहे की बियाण्याच्या बॅगेवर शंभर दाण्यांचं वजन छापा. आज लेबलवर वाणाचं नाव असतं, लॉट नंबर असतो, उगवण, शुद्धता, चाचणीची तारीख असते. पण एकरात किती दाणे पडणार हे ज्यावर ठरतं तो आकडा छापण्याची सक्ती नाही. अमेरिकेत सोयाबीनचं बियाणं १ लाख ४० हजार दाण्यांचं एकक धरून विकलं जातं, मक्याचं ८० हजारांचं. तिथला शेतकरी किलो विकत घेत नाही, झाडं विकत घेतो. आपल्याकडे संख्येने विक्री सुरू व्हायला वेळ लागेल हे मान्य. एक ओळ छापायला कसला वेळ लागतो?

यावर ठरलेलं उत्तर असं येतं की दाण्याचं वजन हंगामागणिक, प्लॉटगणिक बदलतं, ते नेमकं कसं छापणार? उगवणही लॉटगणिक बदलते. ती प्रत्येक लॉटची तपासून छापली जाते. तपासणीसाठी प्रयोगशाळेत चारशे दाणे मोजून ठेवतातच. मोजलेले दाणे मोडावर ठेवण्याआधी काट्यावर ठेवायचे, एवढंच काम वाढतं.